‘असे म्हणतात’ आणि ‘इज सेड टु’

इंग्रजीच्या तासाला कोणती वाक्ये जड जातात असे विचारले, तर तुमच्यापैकी पुष्कळजण कर्मणी प्रयोगाकडे बोट दाखवितील. त्यातही कर्मणी क्रियापदापाठोपाठ ‘टु’ घेऊन दुसरे क्रियापद आले, की वाक्याचा धनी कोण हेच उमजत नाही.

आपल्याच मुलखातले उदाहरण घेऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन तीरांवरून पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते. तिच्या उगमाची आख्यायिका इंग्रजीत लिहिताना ‘अ यंग मॅन ऑफ पांढुर्णा इज सेड टु हॅव कॅरीड ऑफ अ गर्ल फ्रॉम सावरगाव’ असे लिहितात. येथे तरुण कर्त्याच्या जागी बसला आहे खरा. परंतु ‘सेड’ ही क्रिया त्याची नव्हे. बोलणारे लोक निराळेच, आणि ते वाक्यातून नाहीसे झाले आहेत. शिवाय काळही दोन. सांगणे आजचे, म्हणून ‘इज’; पळविणे फार पूर्वीचे, म्हणून ‘टु हॅव कॅरीड’. नुसते ‘टु कॅरी’ लिहाल, तर तो तरुण आजही मुली पळवीत असल्याचा बोभाटा होईल!

हेच काम मराठी किती सरळपणे करते पाहा: ‘पांढुर्ण्याच्या एका तरुणाने सावरगावची मुलगी पळवून नेली, असे म्हणतात.’ आजी तर एका ‘म्हणे’वरच भागविते. असे असता मुलांच्या निबंधांत ‘पळवून नेली असल्याचे म्हटले जाते’ ही रचना का शिरते? तिगावसारख्या गावी याला कारणे दोन. वर्गात इंग्रजीचे ‘इज सेड’, आणि कचेरीत व बाजारात हिंदीचे ‘कहा जाता है’. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपला भाग मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी कारभाराची भाषा हिंदीच आहे. हिंदीत ते रूप शोभून दिसते, त्याच्याशी आपले भांडण नाही. मराठीच्या अंगावर मात्र ते उसन्या अंगरख्यासारखे लोंबते, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाता जाता परीक्षेपुरती एक गोष्ट. ‘दे मेड हिम स्टँड’ यात ‘टु’ नाही. पण कर्मणी करताच ‘ही वॉज मेड टु स्टँड’ असा ‘टु’ परत येतो. ‘सी’ आणि ‘हिअर’ यांचेही तसेच. मराठीत ‘त्याला उभे राहावयास लावले’ एवढे म्हटले की दोन्हींचे काम होते.

कर्ता लपविणे सर्वत्र वाईट असे मात्र मी म्हणत नाही. रेल्वे स्थानकावरील ‘प्रवाशांना रूळ न ओलांडण्याची विनंती करण्यात येते’ या पाटीवर विनंती कोणाची, हे कोणी विचारीत नाही. विचारण्याचे कारणही नाही. परंतु उद्या एखाद्या शाळेच्या फलकावर ‘इट हॅज बीन डिसाइडेड टु क्लोज द मराठी क्लास’ अशी ओळ लागली, आणि तिचे भाषांतर ‘मराठी वर्ग बंद करण्याचे ठरविण्यात आले आहे’ असे झाले, तर? इंग्रजीचे व्याकरण त्या वाक्याला पूर्ण गुण देईल. ते वाचणाऱ्या पालकाने मात्र फलकापुढून हलण्यापूर्वी विचारावे: कोणी ठरविले?