लेन्स मान टाकते तेव्हा...

कॉलेजमधल्या कुठल्याही फोटोग्राफी ग्रुपवर हिवाळा जवळ आला की एकच चर्चा सुरू होते. १५०-६०० घेऊ की २००-५००? त्यावर तासन्‌तास मेसेज पडतात. ती लेन्स बसवणार कशावर, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच, तर उत्तर ठरलेलं : ‘अरे, ट्रायपॉड आहे ना घरी!’

हे उत्तर मीही दिलंय. म्हणूनच लिहितोय.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं मित्र भिगवणला गेलो. १५०-६०० लेन्स दोन दिवसांसाठी भाड्याने घेतली होती. डिपॉझिट तिघांनी मिळून भरलेलं, त्यात माझा एका महिन्याचा अख्खा स्टायपेंड. ट्रायपॉड माझा होता आणि त्यावरच्या बॉल हेडच्या खोक्यावर लिहिलेलं होतं, ‘लोड १५ किलो’. लेन्स आणि कॅमेरा मिळून तीन किलोही भरत नव्हते. मग काळजी कसली?

सकाळी उजनीच्या पाण्यावर ऑस्प्रे घिरट्या घालायला लागला. त्याच्या मागे कॅमेरा फिरवायला म्हणून मी नॉब सैल केला आणि लेन्सने धाडकन मान टाकली. हूड ट्रायपॉडच्या पायावर आपटलं, बोट मध्ये सापडलं. काच वाचली म्हणून डिपॉझिट वाचलं. ऑस्प्रेने मासा उचलला तेव्हा मी बोट चोखत होतो.

त्या दिवशी कळलं, की खोक्यावरचा आकडा आपल्या कामाचा नाही. एक तर सगळ्या कंपन्या तो एकाच पद्धतीने मोजत नाहीत. दुसरं म्हणजे हेड घट्ट आवळलेलं असताना किती वजन पेलेल, एवढंच तो सांगतो. पक्ष्यांच्या फोटोग्राफीत हेड आवळून ठेवायला वेळ असतो कुणाला? खरा प्रश्न असा, की नॉब सैल केल्यावर काय होतं?

बॉल हेडवर सगळं वजन गोळ्याच्या वर असतं. तळहातावर झाडू उभा धरून बघा, तसंच. सरळ आहे तोवर ठीक, जरा कलला की गेला. गिंबल हेडचं उलट असतं. त्यात लेन्स एका बाजूच्या हाताला लावतात, अशी की तिचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षावरच येतो. पाळण्यासारखं. नॉब सैल ठेवा, हात सोडा, लेन्स जिथे आहे तिथेच थांबते. दोन बोटांनी ढकलली की पक्ष्यामागे फिरते. अमेरिकेतल्या विंबर्ली कंपनीचं गिंबल या प्रकारात नावाजलेलं आहे. ते एकटंच जवळपास १.४ किलोचं आणि आपल्या बजेटच्या पार बाहेरचं. पण त्याच तत्त्वावरची बरीच स्वस्त हेड्स मिळतात आणि दोन-अडीच किलोच्या लेन्सला त्यातलं एखादं बरं हेड पुरतं.

मात्र ते नीट बॅलन्स करावं लागतं आणि इथेच बरेच जण चुकतात. लेन्सच्या कॉलरखालची प्लेट पुढे-मागे सरकवून तो बिंदू शोधायचा. १५०-६०० सारखी लेन्स झूम केल्यावर पुढे लांब होते, म्हणजे १५० वर साधलेला बॅलन्स ६०० वर बिघडतो. जिथे जास्त वापरणार तिथेच, म्हणजे बहुतेक वेळा ६०० वरच, बॅलन्स करा. आणि कृपा करून कॅमेरा बॉडी ट्रायपॉडला लावून पुढे ही लेन्स लोंबकळत ठेवू नका. माउंटवर ताण येतो. कॉलर त्यासाठीच असते.

विकत घेण्याआधी (किंवा भाड्याने घेतानाही) दुकानातच एक टेस्ट करा. लेन्स ६०० वर, समोरच्या इमारतीवरचा एखादा अँटेना फ्रेमच्या मधोमध. नॉब आवळा, हात काढा. अँटेना वर सरकला, म्हणजे लेन्सची मान खाली गेली. क्रॉप सेन्सरवर ६०० एमएमला फ्रेमची उंची जेमतेम दीड अंश असते. अर्धा अंश घसरण झाली, तर एक तृतीयांश फ्रेम गेली. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

आता दुसरी बाजू. गिंबल लँडस्केपला, मॅक्रोला जवळजवळ निरुपयोगी आहे. वाइड लेन्स घेऊन रायगडावर जाणाऱ्याने ते उचलून नेणं म्हणजे नुसती हमाली. आमच्यासारख्या मासकॉमवाल्यांना व्हिडिओही करायचा असेल, तर फ्लुइड हेड जास्त बरं. त्याची हालचाल संथ, एकसारखी असते आणि काउंटरबॅलन्सवालं असेल तर लेन्स धाडकन मान टाकत नाही. उडत्या पक्ष्यामागे मात्र ते गिंबलइतकं मोकळं फिरत नाही. पाय लटपटते असतील तर यातलं कुठलंच हेड उपयोगाचं नाही, हेही आलंच.

आणि मुळात तुम्ही उभे कुठे राहणार आहात? ताडोबात जिप्सीत ट्रायपॉड पसरायला जागा नसते. भिगवणला नावेत बसलात तर हलणाऱ्या नावेवर ट्रायपॉडही हलतो. तिथे सगळ्यात भारी म्हणजे बीन बॅग. रिकामी पिशवी घेऊन जायची, गावातल्या किराणा दुकानातून तीन-चार किलो तांदूळ भरायचे आणि त्यावर लेन्स टेकवायची. थर्माकोलचे दाणे नकोत, ते दबतात आणि वजनही देत नाहीत.

त्यामुळे माझं मत सरळ आहे. वर्षातून दोनदा सफारीला जाणार असाल, तर हेडवर पैसे घालू नका, पिशवी शिवून घ्या. पण दर रविवारी काठावर उभं राहून उडते पक्षी टिपायचे असतील, तर लेन्स थोडी छोटी घ्या आणि वाचलेल्या पैशांत हेड. उलटं करणारे मित्र मला माहीत आहेत. त्यांच्याकडे ६०० एमएम आहे आणि ते ती हातात धरून उभे असतात, दहा मिनिटांनी दंड भरून येईपर्यंत.

आमचं तिघांचं ठरलंय, या वर्षी लेन्सबरोबर गिंबलही भाड्याने. आणि नावेसाठी तांदूळ. परतल्यावर त्याचीच खिचडी, फक्त पिशवी पाण्यात पडता कामा नये.