हमी कोणाच्या आयुष्याची?

बंदुकीचा आवाज दाबणारी नळी बनवणारा कारखाना बुडणार, अशी आवई उठली की अमेरिकेतले तिचे मालक हवालदिल होतात. आमचे विद्वान त्यांना हसतात. मी हसत नाही. १९३४ च्या कायद्याने त्या नळीवर २०० डॉलर कर बसवला. २०२६ पासून तो शून्यावर आला, पण नोंदणी सुटली नाही. फुटलेली नळी बदलण्याचा अधिकार परवानाधारक कारखानदारालाच. तोच बुडाला, तर ‘आजीवन हमी’ कोण वटवणार? रेमिंग्टन कंपनी २०१८ व २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली, आणि तिचा नळ्यांचा धंदा परक्या हाती गेला. बंदूक मला नकोच. पण शब्दांचे अर्थ शिकवणारा मी मास्तर, म्हणून विचारतो : आजीवन म्हणजे कोणाचे जीवन? ग्राहकाचे, की कारखानदाराचे? एवढे आधी सांगा, मग खुशाल हसा!