पॅसेजमधली पट्टी कोणासाठी?

रात्री दोन वाजता बाथरूमला उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला घराची शोभा दिसत नाही. त्याच्यापुढे असतो गुळगुळीत टाइल्सचा अंधारा पॅसेज.

आमच्या सोसायटीत हल्ली घरोघरी ‘रनर’, म्हणजे गालिच्याच्या पट्ट्या, आले आहेत. लांबट, पॉलिएस्टरचे, इराणी नक्षीचे. ते अंथरतात दारासमोर, पाहुण्यांना दिसावेत म्हणून. माझं म्हणणं असं की घरात एकच पट्टी घ्यायची असेल, तर ती पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर घाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात, आणि त्यात साठीपुढचे सर्वाधिक.

माझ्या सासूबाईंचं आयुष्य शहाबादी फरशीवर गेलं. ती दिसायला ओबडधोबड, पण पाय धरून ठेवायची. आता बिल्डर देईल ती व्हिट्रिफाइड टाइल, आणि तिच्यावर पाण्याचे चार थेंब पडले की संपलंच.

पट्टी मात्र सुती सतरंजीची घ्या. पंजा दरीसारखी घट्ट विणीची, लव नसलेली; तिच्यात बोटं अडकत नाहीत आणि मळली की उलटी घालता येते. टोकांचे गोंडे कापून कडा शिवून घ्या. दुकानदार हळहळेल, हळहळू दे. खाली रबरी जाळी हवीच, तीही पट्टीपेक्षा चारही बाजूंनी इंचभर लहान, म्हणजे कड उचलली जात नाही. सरकणारी पट्टी ही उघड्या टाइलपेक्षा वाईट. घालण्याआधी दार तिच्यावरून अडखळल्याशिवाय उघडतं ना, तेही बघा. वॉकर वापरणाऱ्यांच्या वाटेवर पट्टी नकोच. वॉकरचा पाय तिच्या कडेला अडतो.

रंगाचं सासूबाईंनीच सांगितलं: “कुठलाही आण, काळा नको. खड्डा वाटतो गं.” मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांचं हे म्हणणं मला सजावटीच्या कुठल्याही सल्ल्याहून मोलाचं वाटतं.

ओट्यापुढे पट्टी घालण्याची टूम मला पटत नाही. तेल, पाणी, कणीक सगळं तिच्यातच मुरतं.

पावसाळ्यात जाड सुती पट्टी लवकर वाळत नाही, म्हणून दोन घ्याव्यात. रबर चिकटवलेली घेतली तर ती खालून कुबट होते. आणि पॅसेजमध्ये प्लगला एक बारीक दिवा लावा. अंधारात सतरंजी कुठे सुरू होते तेच दिसलं नाही, तर तिचाही पायाला अडथळाच.