बाटलीतली मक्का

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की मशिदीच्या फाटकाबाहेर अत्तराची टेबले लागतात. बोटाएवढ्या बाटल्या, वर सोनेरी झाकण, अंगावर काबाशरीफचे चित्र आणि नाव 'मक्का'. शेजारी 'मदिना'. त्याच्याही शेजारी 'जन्नतुल फिरदौस'. फिरदौसबद्दल तक्रार करायला तिथून कोणी परत आलेले नाही, तेव्हा ते सोडून देऊ. पण मक्का पाहून आलेली माणसे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांना कोणी विचारले?

आम्ही विचारले. आमच्या वर्गातला एक मुलगा अशी बाटली घेऊन आला. "सर, इसमें मक्के की खुशबू है." आम्ही हुंगून पाहिले. थोडे लिंबू, थोडा साबण, बाकी सलूनमध्ये दाढीनंतर गालाला चोळतात त्या पाण्याची जात. पालकसभेला त्याची दादी आली. ती हज करून आलेली. तिच्या हातावर बाटली फिरवली. तिने हुंगले आणि हसली. म्हणाली, "सर, तिथे आम्हाला अत्तराची बंदी होती. वास होता तो घामाचा आणि माणसांचा. आणि झमझममध्ये भिजवून आणलेल्या कफनाला येतो तो. ते आता ट्रंकेत आहे, डांबरगोळ्यांत."

या बाईने एका वाक्यात जे सांगितले ते आमच्या विद्वानांना का सुचू नये? हज किंवा उमऱ्यासाठी मक्केत जाणारा माणूस इहरामात असतो. इहराम बांधला की सुगंध वर्ज्य. अत्तर नाही, वासाचे तेल नाही, वासाचा साबणसुद्धा नाही. राजा असो की हमाल, तिथे बिनवासाचा उभा राहतो. ज्या शहरात शिरताना अत्तर उतरवून ठेवायचे, नेमके त्याच शहराचे नाव अत्तराला!

कोणी म्हणेल, काबाशरीफला तर ऊद आणि गुलाब लावतात. लावतात. ताइफचा गुलाब त्या मुलखात नावाजलेला आहे, आणि गिलाफाचा सुगंध अंगाला लागू नये म्हणून इहरामातल्या माणसाला जपावे लागते, हेही खरे. पण या बाटलीत ना ऊद, ना गुलाब. शिवाय ऊद म्हणजे तरी काय? अगरूच्या झाडाला बुरशीची बाधा झाली की खोडात जी राळ साचते ती. आसामात, होजाईकडे, पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा चालतो, आणि तिथला माल अरबस्तानात जातो. आम्ही मात्र तिकडून आलेला ऊद तो अस्सल मानतो. आमच्या कोकणात हे फार. आखाती नोकरीवरून बाप सुटीला यायचा, सूटकेस उघडायची आणि घरभर तो जड गोड वास पसरायचा. आमच्या पिढीच्या नाकाला 'अरब' म्हणजे ती सूटकेस. त्या वासावर आमची माया आहे, ती नाकारत नाही. पण ती सूटकेस म्हणजे मक्का नव्हे.

कनौजला आजही तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. खाली जाळ. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपक्यात चंदनाचे तेल असते, ते वास धरून ठेवते. फुलांचेच नव्हे, भाजलेल्या मातीचेही अत्तर तिथे निघते. त्याचे नावच मिट्टी. आम्ही ते एकदा मनगटाला लावले आणि मृगाचा पहिला पाऊस आमच्या घरामागच्या कातळावर पडला. बाटलीवर गावाचे नाव नव्हते, चित्रही नव्हते. चंदन महागले तेव्हा तिथल्याही अनेकांनी पॅराफिन आणि रसायने धरली, हे खरे. परंतु ती माणसे निदान आपल्या तेलाला तेल म्हणतात.

हे सारे आम्ही एका बैठकीत बोललो, तर एक बुजुर्ग उसळले. "मक्केच्या नावाला नावे ठेवता? तोबा करा!" खरे दुखणे हे आहे. पवित्र नावाच्या हॉटेलात बिर्याणी शिळी निघाली तर हेच बुजुर्ग प्लेट परत पाठवतील. अत्तर वाईट म्हटले की मात्र ईमान तपासले जाते. मग ज्याच्याकडे खपत नाही असा माल असेल त्याने काय करावे? चित्र छापावे. गिऱ्हाईक नाक मुरडणार नाही, मुरडले तरी बोलणार नाही. आपल्यात हे अत्तरापुरतेच राहिले असते तर आम्ही लेखणी उचललीही नसती. शिकवण्या, बचतीच्या योजना, यात्रेची बुकिंगे, सगळीकडे नाव वाचून आपण पैसे मोजतो आणि पावती मागायला लाजतो.

जुम्म्याला अंघोळ करून सुगंध लावणे सुन्नत आहे, आम्ही लावतो. लावूच. टेबलवाल्या पोरांवर आमचा राग नाही, ती ठोक बाजारातून येईल ते विकतात. नाव देणाऱ्याला आमचे सांगणे आहे की बाटलीत काय घातले ते बाटलीवर लिहा. लिंबू असेल तर लिंबू लिहा. पन्नास रुपयांत तेही आम्ही घेऊ. आणि बुजुर्गांनी पुढच्या जुम्म्याला त्या दादीला ती बाटली हुंगायला द्यावी, आणि ती काय म्हणते ते ऐकून घेऊन मग आम्हाला तोबा करायला सांगावे.