हन्नाचा झगा आणि आपल्या देवदूतांचे झगे

आगमनकाळ सुरू झाला की आपल्या चर्चमध्ये वेदीवर जांभळे कापड चढते आणि माझ्या फोनवर कापडाचेच निरोप येऊ लागतात. गोठ्याला मागून पडदा हवा. देवदूतांना झगे हवेत. मेंढपाळांच्या डोक्याला बांधायला पट्ट्यापट्ट्यांचे काहीतरी हवे. महिला मंडळाच्या नाताळ स्टॉलवर ठेवायला मशीन एम्ब्रॉयडरीचे रुमाल, पिशव्या, उशांचे अभ्रे हवेत. वृद्धाश्रमात रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून तिथल्या आजी-आजोबांसाठी वाकळी हव्यात. हे सगळे चार आठवड्यांत. शिवणार कोण, हे मात्र कोणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असते.

आज त्या उत्तराबद्दलच लिहायचे आहे. काहींना कडू लागेल. पण चूक माझ्यापासून सुरू झाली आहे, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क मला आहे असे मी धरते.

१ शमुवेल २:१९ काढून वाचा. हन्नाने नवस करून मागितलेला मुलगा शिलो येथे परमेश्वराच्या सेवेला दिला. पुढे दरवर्षी नवऱ्याबरोबर वार्षिक यज्ञाला जाताना ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेत असे. शास्त्रात याबद्दल एवढेच आहे. पण ज्या बाईने आयुष्यात एकदा तरी मुलाचा कपडा बेतला आहे, ती इथे थांबते. मूल समोर नाही, माप घेता येत नाही. वर्षभरात किती उंच झाला असेल, खांदे किती भरले असतील, सगळे अंदाजाने कापायचे. आपण फ्रॉकच्या घेराला दोन बोटे दुमड जास्त ठेवतो, तशी तिनेही ठेवली असेल. मला तर वाटते, वर्षभर ती त्या मुलाची उंची मनातल्या मनात मोजत असणार. सणाचे शिवणकाम म्हणजे माझ्या लेखी हे. वर्षातून एकदा, एका ठरलेल्या माणसासाठी, वेळेवर पोचेल असे.

आता मागच्या वर्षाची गोष्ट.

धर्मशिक्षणाच्या वर्गातली चौदा मुले देवदूत होणार होती. जुने झगे पिवळे पडले होते, काहींच्या काखा उसवल्या होत्या. आपल्याच पॅरिशमधली एक बहीण घरी फॉल-पिको करते, ब्लाऊज आणि मुलींचे फ्रॉक शिवते. नवरा वारल्यापासून तिचे घर त्या एका मशीनवर चालते. मी तिला फोन केला. म्हटले, "चर्चचं काम आहे, प्रभूची सेवा आहे, तूच करशील." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "टीचर, चर्चचं काम म्हटल्यावर न्हाई कसं म्हणायचं?" मला ते वाक्य श्रद्धेचे वाटले. आज आठवते तेव्हा ते सरळ प्रश्नासारखे ऐकू येते. नाही कसे म्हणायचे, याची वाट मी तिला ठेवलीच नव्हती.

कापड आम्ही दिले. एका झग्याला दोन मीटर धरून अठ्ठावीस मीटर पांढरे पॉपलीन. दोरा, लेस, इलॅस्टिक आणि वेळ तिचा. एका झग्याला दीड तास धरला तरी एकवीस तास होतात, म्हणजे तीन पूर्ण दिवस. आणि दिवस कुठले, तर डिसेंबरचे. आपल्या बेळगाव भागात तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते, त्यात आपला नाताळ. वर्षभरात शिवणाऱ्या बाईच्या हाती चार पैसे जास्त पडतात ते याच दिवसांत. तिने आमचे झगे रात्री शिवले, आणि तरी दोन गिऱ्हाइके परत गेली. हे मला नंतर कळले, तेही दुसऱ्याच कोणाकडून.

मध्यरात्रीच्या मिस्साला आमचे चौदा देवदूत रांगेने आत आले. सगळे कौतुक करत होते. मी मागे उभी होते आणि माझ्या पुढच्याच बाकावर तिची मुलगी होती. तिच्या अंगात आदल्या वर्षीचा फ्रॉक होता. खालची दुमड उसवून लांबी वाढवली होती. जुन्या दुमडीची रेघ कितीही इस्त्री केली तरी जात नाही. ती रेघ घेराभोवती गोल फिरली होती. त्या रात्रीचे प्रवचन मला काही आठवत नाही.

हन्नाने आपल्या मुलाचा झगा शिवला. आम्ही एका आईला आपल्या लेकीचा फ्रॉक शिवू दिला नाही, आणि वर त्याला सेवा म्हटले.

हे मी पॅरिशमध्ये बोलून दाखवले तेव्हा मला दुर्कसचे उदाहरण दिले गेले. ते हमखास दिले जाते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९: यापो येथील टबीथा म्हणजे दुर्कस आजारी पडून मरण पावते, पेत्र येतो, आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे दाखवत बायका रडत उभ्या राहतात. दुर्कसने पैसे घेतले होते का, असे मला विचारले. नसतील घेतले. पण त्या रडणाऱ्या बायका कोण होत्या ते बघा. विधवा होत्या. दुर्कस विधवांसाठी शिवत होती. आमच्याकडे उलटे झाले. विधवा शिवत होती आणि ज्यांच्या घरी दोन-दोन पगार येतात त्यांची मुले ते घालून मिरवत होती.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक होता. सेवेला पैसे लावले तर ती सेवा कसली राहिली? यावर मी बरेच दिवस विचार केला. मग नाताळच्या खर्चाची वही उघडली. मांडववाल्याला पैसे दिले आहेत. लाइटिंगला दिले आहेत. साउंड सिस्टिम आणि जनरेटरला दिले आहेत, तेही निम्मे आगाऊ. यातल्या एकालाही आपण "प्रभूची सेवा समजून करा" असे म्हटले नाही. म्हटले असते तर त्याने फोन ठेवून दिला असता. सेवा हा शब्द आपल्याला सुई-दोऱ्यापाशी आणि स्वयंपाकघरापाशीच आठवतो. बाई घरात बसून करते ते काम आपल्याला कामच वाटत नाही, कला वाटते, छंद वाटतो, फार तर पुण्य वाटते.

नीतिसूत्रांचा ३१वा अध्याय आपण लग्नात वाचतो, मदर्स डेला वाचतो. सद्गुणी स्त्री लोकर आणि ताग आणते, चाती हाती धरते, रात्री तिचा दिवा मालवत नाही, गरिबाला हात देते. सगळे ठीक. पण २४वे वचन वाचताना आपण घाई करतो. तिथे ही बाई तागाची वस्त्रे बनवून ती विकते, कमरपट्टे व्यापाऱ्यांना देते. विकते! तिच्या दानधर्माला पैसा कुठून येतो हे शास्त्राने झाकून ठेवलेले नाही. फिलिप्पैमधली लुदियासुद्धा जांभळी वस्त्रे विकणारी बाई होती. तिने पौलाला घर उघडून दिले ते आपल्या मनाने, आग्रह करून. त्याने तिच्याकडे एक ठाण कापड फुकट मागितले असे कुठे लिहिलेले नाही. आणि मजूर लावून मजुरी अडकवून ठेवणाऱ्यांबद्दल याकोब आपल्या पत्राच्या ५व्या अध्यायात काय म्हणतो, ते ज्याने त्याने घरी वाचावे.

निवासमंडपाची गोष्टही या संदर्भात बघण्यासारखी आहे. निर्गम ३५ मध्ये ज्यांच्या मनाला स्फूर्ती झाली त्या बायकांनी सूत काढले, निळे, जांभळे, किरमिजी. देणारे इतके झाले की पुढच्या अध्यायात कारागीर मोशेकडे येऊन सांगतात, गरजेपेक्षा जास्त आले आहे. आणि मोशे छावणीत दवंडी पिटवून देणे थांबवतो. "आता पुरे" असे शिवणाऱ्या बाईला सांगणारा पुढारी मी अजून आपल्या कुठल्या पॅरिश कौन्सिलमध्ये पाहिलेला नाही. (कौन्सिलमध्ये मीही आहे.)

मग ज्यांना वेळ आहे, हातात कला आहे आणि पोट त्यावर नाही, त्यांनी काय करायचे? त्यांनी जरूर फुकट शिवावे. माझी विनंती एवढीच आहे की स्टॉलवरच्या सांताच्या लोंबत्या बाहुल्या आणि मोज्यांचे आकार आता कमी करा. ते कापसाच्या पांढऱ्या दाढीसकट जानेवारीत माळ्यावर जातात. त्याच कष्टात एक वाकळ होते.

जुने सुती लुगडे असेल तर फारच उत्तम. नऊवार म्हणजे आठ मीटरहून थोडे जास्त. त्याची चार पदरी घडी केली की सुमारे दोन मीटर लांबीची, चार थरांची, एका माणसाला पुरेल अशी वाकळ एकाच लुगड्यात बसते. शहापूर-वडगावकडच्या ज्यांच्या घरी आजीची शहापुरी लुगडी पेटीत पडून आहेत, त्यांनी हे मनावर घ्यावे. जरीचा काठ काढून टाका, म्हाताऱ्या कातडीला तो टोचतो. आधी मधोमध आणि मग कडेकडे जात लांब कच्चे टाके घाला, नाहीतर थर सरकतात आणि शेवटी एका कोपऱ्यात चुण्या गोळा होतात. मशीनवर करायची असेल तर सोळा नंबरची सुई लावा, टाका मोठा ठेवा, दाबपट्टीचा जोर कमी करा. हाताने साधा धावदोरा घातला तर सर्वांत चांगले. भरतकाम करायचे तर एका कोपऱ्यात लहानसे करा. मशीनच्या भरतकामाची उलटी बाजू खरखरीत असते, ती अंगाला लागू नये म्हणून मागून अस्तराचा तुकडा लावा. बाळाच्या दुपट्याला तर भरतकाम नकोच.

ठिगळाचे कापड नवे कोरे घेत असाल तर ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच जोडा. न केल्यास पहिल्या धुण्यात ठिगळ आटते आणि शेजारचे जुने कापड ओढून फाडते. मत्तय ९:१६ मध्ये प्रभू येशू नेमके हेच सांगतो. त्याचा अर्थ नव्या करारापर्यंत जातो हे मी वर्गात शिकवते. पण मला त्यातली एक साधी गोष्ट आवडते. नासरेथच्या घरात कोणीतरी ठिगळ लावत असताना या मुलाने नीट बघितले असणार. मरियेशिवाय दुसरे कोण?

आपल्याजवळच हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायकांची कवंदी कोणी पाहिली आहे का? त्यांच्यात ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत, हिंदू आहेत, आणि कवंदी तिघींकडेही होते. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने तुकडे जोडत त्या मध्यापर्यंत येतात, सगळे हाताने. ख्रिस्ती बायकांच्या कवंदीवर कधी क्रूस दिसतो. चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले लहान तिकोनी तुकडे असतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसतील तर कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. ऊब तर त्या फुलांशिवायही मिळाली असती. पण चिंध्यांचे असले तरी कोणाला पांघरायला द्यायचे ते पुरे झालेले असावे, हा विचार मला फार मोठा वाटतो. आपण वृद्धाश्रमात देतो त्या गोष्टींना ही कसोटी लावा. मागच्या वर्षी आलेल्या गाठोड्यात चेन तुटलेले स्वेटर होते आणि अर्ध्यात सोडलेला एक रुमालही होता.

या वर्षी झगे नवे करायचे नाहीत, असे ठरले आहे. पिवळे पडलेले जुने चौदा झगे काढून आम्ही धुतले, उन्हात टाकले, आठ चांगले निघाले. उरलेले सहा शिवायला त्याच बहिणीला विचारले. या वेळी मी फोन केला नाही, नोव्हेंबरच्या सुरुवातीला घरी गेले. आधी मागच्या वर्षीची माफी मागितली. मग दर विचारला आणि म्हटले, जमत नसेल तर सरळ नाही म्हण, मी बाहेरून शिवून घेईन. तिने दर सांगितला. मी तो लिहून घेतला, कौन्सिलसमोर ठेवला. दोघांनी कुरकुर केली, फादरांनी सही केली. निम्मे पैसे आगाऊ दिले, जनरेटरवाल्यासारखेच.

परवा झगे आणायला गेले तर गळ्याला बारीक लेस लावलेली. आमच्या हिशेबात लेस नव्हती. मी पाकीट उघडले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे टीचर, ती माझ्याकडनं." भिंतीवरच्या खिळ्याला मरून रंगाचा एक फ्रॉक टांगला होता, नुसती हातशिलाई राहिलेली.

वाकळींसाठी जुनी सुती लुगडी आणि साड्या येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये आणून द्याव्यात. धुतलेल्या असाव्यात. नायलॉन आणि जॉर्जेट नको. आणि वृद्धाश्रमातल्या सर्वांची नावे मी सिस्टरांकडून आणली आहेत. प्रत्येक शिवणारीला एक नाव मिळेल, तेव्हा वाकळ कोणाची आहे हे टाका घालण्याआधीच कळेल.