तसा तो चांगला आहे, पण…

"तसा तो चांगला आहे हो, पण प्यायला की अंगात येतं." स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कुठल्याही केंद्रात हे वाक्य कानावर पडतं. सांगणारीच्या दंडावर वळ असतात, ओठ सुजलेला असतो, आणि तरी ती नवऱ्याची बाजू मांडत असते. सासू हेच म्हणते. ठाण्यावरचा हवालदार हेच म्हणतो. आणि मैत्रिणींनो, कबूल करायला हवं, दारूबंदीच्या मोर्च्यांत आपणही थोड्याफार फरकाने हेच म्हणत आलो आहोत: दारू गेली की संसार सावरेल.

मला या वाक्याशी भांडायचं आहे. दारूची कड घेऊन अर्थातच नाही.

इंदापूर तालुक्यातलं पळसदेव डोळ्यांपुढे ठेवून बोलते. उजनी धरणात जुनं गाव देवळासकट पाण्याखाली गेलं. पाणी खूप खाली गेलेल्या उन्हाळ्यात पळसनाथाचं देऊळ वर येतं आणि ते बघायला लांबून लोक येतात. नवं गाव वसलं पुणे-सोलापूर रस्त्याला लागून. एका अंगाला धरणाचं पाणी, भोवती ऊस, आणि दारातून राष्ट्रीय महामार्ग. या उसावर साखर कारखाने चालतात. उसातून साखर निघाल्यावर मळी उरते, मळीपासून स्पिरिट होतं आणि त्या स्पिरिटची देशी दारू. उसाची लागण, खुरपणी, तोडणी, मोळ्या बांधणं यात निम्म्याहून अधिक राबणूक बाईची. तोडीला येणाऱ्या टोळ्यांत तर नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि दोघांच्या कामाची उचल मुकादम एकट्या नवऱ्याच्या हातात देतो. म्हणजे बाटली त्याच्या हातात असली तरी तिच्या किमतीत अर्धा घाम बाईचा असतो. हा हिशेब आपण फार कमी वेळा मांडतो.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे 14 टक्के दारू पितात. स्त्रिया अर्धा टक्कासुद्धा नाहीत. पिणारा एक, भोगणाऱ्या घरभर. त्याच पाहणीत देशभरच्या विवाहित स्त्रियांना मारहाणीविषयीही विचारलं होतं. ज्यांचा नवरा वारंवार झिंगून येतो, अशा शंभरातल्या सुमारे सत्तर जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती. आकडा भयंकर आहे आणि मोर्च्यात आपण तोच वाचतो. पण खालची ओळही वाचू या. ज्यांचा नवरा दारूला शिवतही नाही, त्यांच्यातल्याही शंभरातल्या तेवीसजणींनी ती सोसली होती. त्या तेवीसजणींनी कुठल्या दुकानावर मोर्चा न्यायचा?

दारू मेंदूचा लगाम सैल करते, हे खरं. तोल, बोलणं, बरंवाईट ठरवण्याची ताकद, सगळं ढिलं पडतं. पण लगाम सुटल्यावर घोडं कुठे धावतं ते बघा. हाच माणूस गुत्त्याच्या मालकाशी नीट बोलतो, नाहीतर उधारी बंद होईल. मुकादमावर त्याचा हात उठत नाही. वाटेत पाटील भेटले तर तो रामराम घालतो. उंबरा ओलांडल्यावरच त्याची शुद्ध हरपते. मारायला कोण चालतं आणि कोण चालत नाही, हे त्याला दारूने शिकवलेलं नाही. ते तो आधीच शिकून आलेला आहे, घरात, बापाकडे बघून. दारू मारण्याचं प्रमाण वाढवते, मार जीवघेणा करते, आणि सकाळी "मला काही आठवत नाही" म्हणण्याची सोय करून देते.

कायदा ही सबब मानत नाही, हे आपल्यातल्या कित्येक कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसतं. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 85 आणि 86 होती, 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच 23 आणि 24 आहेत. दुसऱ्याने न कळत किंवा बळजबरीने पाजली असेल तरच नशेचा बचाव चालतो. स्वतःच्या पायाने गुत्त्यावर जाऊन प्यायलेल्याला ती सूट नाही. इंग्रजाने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी जी सूट दिली नाही ती आपण, घरातल्या माणसांनी आणि ठाण्यातल्या साहेबांनी, रोज देतो. तेव्हा हवालदार समजूत घालू लागला की ही कलमं त्याला वाचून दाखवावीत.

म्हणून दारूविरुद्धचं काम सोडायचं का? मुळीच नाही. सत्तर आणि तेवीस यांतलं अंतर सत्तेचाळीस बायांचं आहे. पण ते काम कसं अडवलं जातं तेही पाहा. 2008 च्या शासन आदेशाने गावातलं दुकान बंद करण्यासाठी मतदानाची वाट ठेवली आहे. एक चतुर्थांश स्त्री मतदारांनी मागणी करायची, सह्यांची पडताळणी होणार, मग गुप्त मतदान, उभी बाटली की आडवी. दुकान हटतं ते यादीतल्या एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तरच. आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या! लग्न होऊन गेलेली लेक, तोडीला गेलेली, बाळंत झालेली, वारलेली पण नाव न कमी झालेली, नवऱ्याने घरात कोंडलेली, या सगळ्यांची मतं न विचारता उभ्या बाटलीच्या पारड्यात पडतात. कुठला आमदार असल्या नियमाने निवडून आला आहे?

महामार्गाचीही तीच गत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं. मार्च 2017 मध्ये वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी, म्हणजे पळसदेवसारख्यांसाठी, ते अंतर 220 मीटरवर आलं. 2018 मध्ये पंचायतींच्या हद्दीबाबत ठरवायची मोकळीक राज्यांना मिळाली. आणि राज्याला काय हवं आहे? जुलै 2024 पासून बहिणींच्या खात्यात दरमहा दीड हजार देऊ केले, आणि जून 2025 मध्ये मद्यावरचा कर वाढवताना वर्षाला 14 हजार कोटींची जादा भर पडेल असा अंदाज सांगितला. ही भर कुणाच्या घरातून निघणार ते बहिणींना वेगळं सांगायला नको.

जिल्हाभर बंदी हाच उपाय, असं मला पूर्वी वाटे. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, तिच्यामागे लोकांचं मोठं बळ उभं राहिलं. चंद्रपुरात 2015 साली स्त्रियांच्या लढ्यातून आलेली बंदी सहा वर्षांत, 2021 मध्ये, सरकारने उठवली. सरकारच्या मर्जीवर आलेली गोष्ट तशीच जाते.

गावातलं दुकान बंद करायला निघणाऱ्या गटांसाठी आणखी एक गोष्ट, कारण ती न सांगितल्याने माणसं मरतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर पहिल्या दिवसापासून हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी माणूस भलतंच बरळतो, नसलेलं दिसतं. ही भूतबाधा नव्हे, मांत्रिकाकडे नेऊ नका, खोलीतही कोंडू नका. दवाखान्यात न्या. औषधं आहेत, ब-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत. दुकान बंद व्हायच्या आधीच प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगून ठेवा. आणि हातभट्टीवर नजर ठेवा. 2015 साली मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसं गेली. मिथेनॉलचं पोटात गेल्यावर फॉर्मिक आम्ल होतं, आधी नजर जाते मग जीव. अशा वेळी अंधुक दिसतं म्हणणाऱ्याला "उतरेल सकाळी" म्हणून झोपवायचं नाही.

म्हणजे दारू हा आजार आहे, त्याला औषधपाणी. मारहाण हा गुन्हा आहे, त्याला तक्रार. दारू सुटलेला नवरा मारायचा थांबतोच असं नाही, आणि त्याची दारू सुटेपर्यंत बाईने मार खात थांबावं असंही नाही.

आमच्या केंद्राच्या नोंदवहीत 'कारण' असा एक रकाना आहे. वर्षानुवर्षं त्यात 'दारू' लिहून आम्ही पुढची केस घेत आलो. पुढच्या बैठकीत मी सुचवणार आहे की तो खोडावा आणि दोन रकाने करावेत. एकात नवरा पितो का, किती, उपचार सुरू आहेत का. दुसऱ्यात मारलं कुणी, कधी, आणि तक्रार नोंदवली का.