हिशेब तपासणाऱ्याचीही तपासणी

व्यापारी घराण्याच्या ताळेबंदावर सनदी लेखापालाची सही होते. त्या सहीवर विसंबून बँक कर्ज देते आणि भागीदार आपापला हिस्सा मान्य करतात. मात्र त्या सहीमागचे काम कोण तपासतो?

याच हेतूने भारतीय सनदी लेखापाल संस्थेने मार्च २००२ मध्ये पीअर रिव्ह्यू मंडळ स्थापन केले. या पद्धतीत एक अनुभवी सनदी लेखापाल दुसऱ्या लेखापालाच्या पेढीने केलेल्या कामाची निवडक दप्तरे पाहतो. व्यापाऱ्याचे हिशेब तो नव्याने तपासत नाही. मालाच्या साठ्याची खातरजमा कशी झाली, येणेकऱ्यांकडून बाकीची पुष्टीपत्रे मागवली का, बँकेतील शिल्लक कशी पडताळली, याची नोंद दप्तरी आहे का, हे तो पाहतो. पाहिलेले गुप्त राखण्याचे बंधन त्याच्यावर असते.

अशा पडताळणीचे मोल जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सच्या प्रकरणाने साऱ्यांना कळले. ताळेबंदातील सुमारे पाच हजार कोटी रुपयांची रोकड व बँकेतील शिल्लक प्रत्यक्षात नव्हतीच. त्याच महिन्यात सेबीने प्रमुख निर्देशांकांतील कंपन्यांच्या लेखापरीक्षकांची दप्तरे अन्य लेखापालांकडून तपासून घेण्याचे ठरवले. आज शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या लेखापरीक्षकाकडे पीअर रिव्ह्यूचे वैध प्रमाणपत्र असावेच लागते.

पुढची पिढी व्यवसायाची कंपनी करून एसएमई मंचावर भांडवल उभारू पाहते, तेव्हा हा नियम घराच्या उंबरठ्याशी येतो. माहितीपत्रकातील हिशेबांसाठीही असाच प्रमाणपत्रधारक लेखापाल लागतो. तीस वर्षे घरचे हिशेब पाहणाऱ्या काकांकडे ते प्रमाणपत्र नसेल, तर मुलगा दुसरी पेढी शोधू लागतो आणि वडिलांना तो कृतघ्नपणा वाटतो. वास्तविक हा प्रश्न काकांना वेळीच आणि मोकळेपणाने विचारता येतो. प्रमाणपत्रासाठी त्यांच्या पेढीला स्वेच्छेनेही अर्ज करता येतो.

त्यासाठी काकांचे दप्तर चोख हवे, आणि ते चोख राहणे निम्मे व्यापाऱ्याच्या हाती असते. साठ्याची यादी किंवा पुष्टीपत्रे मागितली की ‘इतक्या वर्षांचा विश्वास कुठे गेला?’ असे अनेक पेढ्यांवर विचारले जाते. विश्वास ढळला म्हणून ते कागद मागितले जात नाहीत. उद्या परका लेखापाल दप्तर उघडून बसेल, तेव्हा काकांच्या शब्दाला आधार म्हणून तेच कागद पुढे ठेवावे लागतात. म्हणून वर्षअखेरीस साठा मोजताना काकांना बोलावून घ्यावे आणि मोजणीची यादी त्याच दिवशी सहीनिशी त्यांच्या हाती द्यावी.